भिकाजीचे डोळे

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चित्र टेकवायचं इझल आलं! सुताराने फणसाच्या लाकडाचं करून दिलं. वजन असं, की स्कूटरवर ते ऐसपैस आणि मी मागे लोंबकळत. निलेश म्हणाला होता, मालवणात घडीचं मिळतं. मिळू दे. घरात लाकूड पडलेलं असताना बाहेरून आणलं असतं तर बाबांनी आठवडाभर तोंड फिरवलं असतं.

निलेश लग्नाचे फोटो काढतो. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, गणितं माझी बघून लिहायचा. हे खूळ त्यानेच डोक्यात घातलं. पुण्याकडच्या कुठल्याशा लग्नाचा व्हिडिओ दाखवला – मांडवाच्या कडेला एक मुलगी उभी राहून चित्र काढतेय. अंतरपाट, मुंडावळ्या, माणसं, सगळं तिथल्या तिथे. शेवटची पंगत उठेपर्यंत चित्र तयार! "आपल्याकडे असा कोण करीत नाय. तू कर. फोटो मोबाइलात पडान रवतत. चित्र भिंतीर लागता."

रंगाची मला भीती नाही. सत्तावीस वर्षं गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडताना बघण्यात गेली.

बाबा साचे घासत बसले होते. त्यांना सांगितलं. म्हणाले, "लग्नात? सगळ्यांच्या फुड्यात?" एवढंच. आई चुलीपाशी होती. आईचं न बोलणं मला बाबांच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ही वही पेटीच्या तळाशी असते म्हणून लिहिते. एकदा तरी कुठेतरी लिहायला हवं.

आमच्या शाळेला सगळे 'भिकाजीची शाळा' म्हणतात – बाबांच्या नावाने. नागपंचमीला त्रेचाळीस घरांचे पाट येतात, मसुऱ्यापासून इकडचे. ज्याचा त्याचा पाट, त्यावर ज्याचा त्याचा गणपती. आमच्याहून देखण्या मूर्ती दुसरीकडे मिळतात. आमच्याकडे माणसं येतात ती डोळ्यांसाठी. घरात कुठेही बसा, गणपती तुमच्याकडेच बघतो. 'भिकाजीचे डोळे' म्हणजे म्हणच झालीय.

माती आम्ही सगळी मळतो. रंग मी देते. पण डोळ्यांची आखणी – हा आजोबांनी घालून दिलेला आमच्या शाळेचा नियम – कर्त्या पुरुषाने, उपास करून, पडद्याआड. लहानपणी मला पडद्यापाशी फिरकायचीसुद्धा बंदी होती. बाबांबरोबर आत जायची ती फक्त आई, समई धरायला.

आणि गेली दोन वर्षं पडद्याआड मी असते.

बाबा म्हणाले, "माका जवळचा दिसणा नाय." बस्स, मला आत बसवलं. बाबा पलीकडून तोंडाने सांगत होते, आई समई धरून होती. पहिल्याच डोळ्याला आईच म्हणाली, "श्वास धर. डोळो पुरो झाल्यार सोड." त्रेचाळीस गणपती. लोक नमस्कार करून घेऊन गेले, कुणाला काही कळलं नाही. कळलं असतं तर पाट परत, शाळेला कुलूप. बाईच्या हातचे देवाचे डोळे? चालवून घेणारी माणसं नाहीत ही.

"झाकली मूठ," बाबा म्हणतात. मूठ माझी, झाकायची यांनी!

९ मार्च, रविवार

आज पहिली परीक्षा. निलेशच्या मावसबहिणीचा साखरपुडा, मालवणात, घरगुती. इझल कोपऱ्यात लावलं. साड्यांचे काठ, केसांतले अबोलीचे वळेसर, नारळाची ओटी – हात असा सुटला की मलाच आश्चर्य! मग चेहरे. मग डोळे.

डोळे काढताना मी श्वास धरला. तिथेच चुकलं.

निलेश मागे येऊन उभा राहिला आणि हसायलाच लागला. "अगो, हे सगळे गणपती! न्हवऱ्याक सोंड तेवढी लावची रवली!" बघते तर काय – अकराच्या अकरा माणसांना लांब, शांत, अर्धे मिटलेले तेच डोळे. नवरीला तेच, तिच्या तंबाखू चोळणाऱ्या काकांनाही तेच. पोरंटोरं खिदळायला लागली. मीही हसले. हसता हसता थांबले.

हे डोळे कुणी ओळखले तर?

घाईघाईने रंग फिरवला आणि सगळ्यांच्या पापण्या खाली केल्या. अकरा माणसं साखरपुड्यात जमिनीवर काय शोधतायत कोण जाणे. घरच्यांना मात्र चित्र आवडलं!

१० मार्च, सोमवार

जेवताना गंमत म्हणून सांगितली. गंमत म्हणून! बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"डोळे थंय काढू नको. बाकी काय तां काढ. डोळे घराक येवन."

"पण बाबा, तिथल्या तिथे काढायचं हेच तर–"

"घराक येवन."

शपथ घातली. मी घेतली. आई उठून हात धुवायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

२३ मार्च, रविवार

मासळीबाजारात तीन तास. बांगडे विकणाऱ्या बायकांचे डोळे, गिऱ्हाइकांचे डोळे. वहीत चौतीस. माणसाचा एकही नाही, सगळे देवाचे. एकीने वही बघून मला हात जोडले!

५ एप्रिल, शनिवार

काम मिळालं. खरंखुरं, मोठ्या घरचं लग्न! आणि घर कुठलं, तर तेच. देवा!

मसुऱ्याच्या हरिश्चंद्रकाकांची पुतणी दिव्या. काका गावचे मानकरी. आमच्या शाळेत दरवर्षी पहिला पाट येतो तो त्यांचा, आखणीही पहिली त्यांच्याच गणपतीची. दिव्याने निलेशकडे साखरपुड्याचं चित्र बघितलं आणि हट्टच धरला. काकांच्या आई, आनंदीबाई, मला बघून केवढ्या खूश! "भिकाजीचा चेडू मा गो तू? मगे काय बघूक नको."

बाबांना सांगितलं. "ता घर सोडून दुसरा गावला नाय तुका?"

मला काय हौस आहे? आ बैल मला मार! पण नाही म्हटलं तर पुन्हा कोण बोलावणार आहे? अठरा मे. घरापुढच्या खळ्यातच मांडव. शपथ पुन्हा एकदा घातली गेली.

२० एप्रिल, रविवार

दुपारी आईचं पोलकं उसवलं. तिची बोटं दोनअडीच वर्षांपासून वाकडी होत चाललीत, भाकऱ्यासुद्धा मीच थापते. तिने सुई घेतली, दोन वेळा पडली. बाबांनी काही न बोलता सुई उचलली, दोरा ओवला आणि तिच्या हातात दिली. चष्मा नाही, उजेडाकडे धरणं नाही. एका फटक्यात!

मी बघतच राहिले. म्हटलं, "बाबा, दिसतं की तुम्हाला!" म्हणाले, "कधी दिसता, कधी नाय." डोळ्यांचं असंच असतं म्हणे. डॉक्टरकडे चला म्हटलं की मात्र दोघं एकदम बहिरी होतात.

४ मे, रविवार

मसुऱ्याला जाऊन दिव्याला तासभर समोर बसवलं. कणकवलीला शाळेत शिकवते, आवाजावरून कळतंच. डाव्या भुवईत लहानपणीची खोक. हसली की उजवा डोळा जवळजवळ मिटतो आणि डावा उघडाच राहतो, खट्याळ. फोटोत हे लपवायला ती हसतच नाही म्हणे.

जाताना म्हणाली, "एक सांगू? माका सुंदर करू नको. आमच्याकडचे फोटोवाले सगळ्यांका एकसारखे करून ठेवतत."

घरी येऊन पंचवीस वेळा तो डोळा काढायला गेले. हात दरवेळी आपला त्याच वळणाने जातो. दोन पावसाळ्यांत कमावलेला हात तो. मोडायचा कसा?

१७ मे, शनिवार

उद्या. आईने कुंचले धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेत. मी सांगितलं नव्हतं.

१८ मे, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. मी नऊपासून उभी. मांडवाला आंब्याचे टाळे, खांबांना केळी, मागे तुळस – ही मागची बाजू अकरापर्यंत झालीसुद्धा. अंतरपाट धरला तेव्हा हात विजेसारखा चालत होता. दिव्याची हिरवी साडी, नवऱ्याचा फेटा, अंतरपाट धरणाऱ्या मामाची ताणलेली मनगटं. अक्षता माझ्या रंगात पडल्या, तशाच राहू दिल्या. पहिली पंगत बसली तेव्हा माझ्यामागे वीसपंचवीस माणसं उभी. "बघ गो, तुझी नथ!" "माझा पोट एवढा सुटलाहा काय रे?" असं चाललेलं. मला वाटलं, हेच! हेच करायचं मला जन्मभर.

डोळे नव्हते काढले. शपथ. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेवढी जागा कोरी.

मग एक म्हातारी पुढे आली. चित्रातल्या नवरीकडे बोट केलं आणि तोंडाला पदर लावला. "ह्या काय? व्हकलेक डोळे नाय?"

मी म्हटलं, "घरी जाऊन काढणार, आजी. निवांत काम असतं ते."

"शुभ कार्यात आंधळी व्हकल? न्हवरोय आंधळो! मांडवातसून असा घराभायर न्हेतलंस?"

झालं. कुजबुज सुरू. एकीचं पोर रडायला लागलं. एक बाई तर चित्रावर टॉवेल टाकायला निघाली! दिव्याची आई कावरीबावरी. मला मेलीला हे आधी सुचू नये? आमच्याकडेसुद्धा डोळ्यांवाचून मूर्ती कधी दारात ठेवत नाहीत, पडद्याआड ठेवतात. लग्नाच्या मांडवात दोनशे माणसांसमोर मी डोळ्यांवाचून जोडपं मांडून बसलेली!

आनंदीबाई काठी टेकत आल्या. "काढ गो बाय. भिकाजीच्या चेडवाक डोळे काढूक येनत नाय असा कसा होयत?"

निलेशने माझ्याकडे बघितलं. त्याला काहीच ठाऊक नाही. मी पाण्यात कुंचला बुडवला, पुसला, परत बुडवला. आठवायचा प्रयत्न केला – दिव्या, खोक, मिटणारा उजवा डोळा. आणि मी श्वास धरला.

चार डोळे. एकेक रेघ. नवरा, नवरी.

"वा!" कोणीतरी म्हणालं. "बापाशीचो हात इलो!" टाळ्यासुद्धा पडल्या. आनंदीबाईंनी माझी दृष्ट काढत बोटं मोडली.

हरिश्चंद्रकाका मात्र पुढे आले. वाकून बघितलं. खिशातून चष्मा काढून लावला आणि परत बघितलं. "डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याक हे बारीक वळण आसा बघ. गेली दोन वर्सां आमच्या गणपतीच्या डोळ्याक असाच वळण येता. मी म्हटलंय, भिकाजीचा वय झाला, हात वाकडो जाता." चष्मा काढला. "आमच्या गणपतीचे डोळे कोण काढता गो?"

खोटं बोलता आलं असतं. 'बाबांनी शिकवलं' म्हटलं असतं तर सगळे हसत दुसऱ्या पंगतीला गेले असते. पण श्वास अजून धरलेलाच होता. तो सोडला आणि त्याच्याबरोबरच बाहेर पडलं – "मी."

पंगतीत वाढणारा मुलगा काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची बादली घेऊन जागच्या जागी उभा.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तीन पिढ्ये पाट देतंव तुमच्याकडे. एकदा सांगूचा तरी होता." आणि पाहुण्यांना पान वाढायला गेले. मागे मात्र सुरू झालं – "बाईमाणूस?" "महिन्याचे चार दिवस ते?" "म्हणान आमका दोन वर्सां असा झाला..." कुणाची म्हैस मेली, कुणाचा मुलगा नापास झाला, सगळं माझ्या डोळ्यांवर आलं.

निघायच्या वेळी दिव्या आली. शेला, हातात ओटी, डोळे रडून लाल. मला वाटलं, लग्नाचा विचका केलास म्हणेल. चित्राकडे बघत राहिली. मग हळूच, "बरा आसा. पण ह्या मी नाय गो, नम्रता. ही देवी आसा." आणि रडता रडता हसली. उजवा डोळा मिटला. डावा उघडाच.

तेव्हा दिसलं मला. वही काढायला वेळ नव्हता, बघून घेतलं.

१९ मे, सोमवार

बाबांना माझ्याआधी फोन पोचला होता. रात्रभर ओटीवर बसून होते म्हणे.

"शपथ घेतली होतीस."

"घेतली होती. आणि अपशकुन म्हणून चित्र जाळायला निघाले असते तर?"

"जाळू दी होता! एक चित्र जळला असता. आता शाळा जळली."

मी पण सोडलं नाही. म्हटलं, दोन वर्षं चोरासारखी बसवलीत. पाया पडले लोक, ते तुमच्या. यापुढे मी पडद्याआड बसणार नाही. पाट येवोत न येवोत. पडद्याआड बसलेल्या माणसाला काय वाटतं ते तुम्हाला काय कळणार!

आई बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पडद्याआड बसणाऱ्याक काय वाटता, तां तू माका सांगतंस?"

समई धरून तासन् तास तिचेही पाय भरून यायचे, तेच म्हणत असेल. पण ती माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होती. आणि बाबा जमिनीकडे.

२२ मे, गुरुवार

तीन दिवस घरी आणलेल्या चित्रासमोर. डोळे खरवडले, चार वेळा. हात त्या वळणावर गेला की कुंचला खाली ठेवायचा, बाहेर जायचं, विहिरीवर पाणी मारायचं तोंडावर.

आज संध्याकाळी जमलं! श्वास धरलाच नाही. गप्पा मारत काढला – खरंच, तोंडाने दिव्याशी बडबडत. दोन्ही डोळे वेगवेगळे आले. भुवईतली खोक आली. नवऱ्याचा उजवा डोळा अंतरपाटावरून चोरून पलीकडे बघतोय, ते तर मी मांडवात बघितलं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

देवाचा डोळा सगळ्यांकडे सारखाच बघतो. माणसाचा एकेकटा असतो. एवढी साधी गोष्ट कळायला सत्तावीस वर्षं लागली मला, गाढवाला.

आई मागे उभी होती. कधीपासून, माहीत नाही. म्हणाली, "ह्या माका जमला नसता." मी म्हटलं, तू कशाला काढणार आहेस? ती हसली आणि गुरांना पेंढा घालायला गेली.

२३ मे, शुक्रवार

दिव्या पाचपरतावणाला, लग्नानंतर पहिल्यांदाच, माहेरी आली. चित्र पोचवायचं म्हणजे त्याच खळ्यात पाय टाकायचा. निलेश बरोबर आला, इझल उचलायला म्हणे. इझल न्यायचंच नव्हतं.

दिव्याने चित्र बघितलं. आरशापाशी जाऊन स्वतःला बघून आली! मग मला मिठी.

हरिश्चंद्रकाका बघत राहिले. "दिव्या ती," म्हणाले. "हुबेहूब." माझा जीव भांड्यात पडतोय तोवर पुढे – "पण पाटाचा वेगळा. तां मी एकटो ठरवू शकणय नाय."

येताना निलेश म्हणाला, "तू माका तरी सांगूचा होता." त्यालाही वाईट वाटलंय. कुणाकुणाला सांगायचं होतं मी? मलाच कुणी विचारलं होतं का?

१५ जून, रविवार

माती आणली. बाबांनीच. किती आणायची हे ठरवताना ते दारात बराच वेळ उभे होते. दरवर्षीएवढीच आणली.

२९ जून, रविवार

डिसेंबरची दोन लग्नं आली. एक विजयदुर्गचं, एक रेडीचं. दिव्याचं चित्र मोबाइलवरून फिरतंय. दोघांनी एकच सांगितलं – "डोळे तसेच होये, ज्याचे त्याचे."

आनंद व्हायला हवा. होतोही, आणि लगेच लाज वाटते. ज्या दिवशी माझं दार उघडलं त्याच दिवशी बाबांच्या दाराला कडी लागली. माळगावच्या वाटेवर एकाने नवी शाळा काढलीय. आमच्याकडची काही घरं तिकडे चौकशी करून आली. बाबांना कळलंय, मला कळलंय, आईला कळलंय. जेवताना आम्ही पावसाबद्दल बोलतो.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी.

सकाळपासून ओटी सारवून, दारात रांगोळी. दरवर्षी सातला पहिला पाट येतो, मसुऱ्याचा. सात वाजले. आठ. नऊ. बाबा धुतलेला सदरा घालून बसलेले. मी तीन वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आले. आईने नागोबाला दूध दाखवलं, पातोळ्या केल्या – म्हणजे मी केल्या, तिने हळदीची पानं पुसली. कुणी खाल्ल्या नाहीत.

दहा. रस्त्याने एकजण डोक्यावर पाट घेऊन गेला. सरळ गेला, पुढे. बाबांनी त्याला ओळखलं. आम्हीही. वीस वर्षं त्याचा पाट इथे यायचा.

मला ओरडून रडावंसं वाटलं. मी केलं हे. एका शब्दाने.

अकराला रिक्षा थांबली. आनंदीबाई! भिजू नये म्हणून पाट पदराखाली, मांडीवर धरलेला. बरोबर कुणी नाही. ब्याऐंशी वर्षांची बाई!

बाबा धावले. "काकींनू, तुम्ही? हरिश्चंद्र?"

"तेका इचारूक नाय. गणपती माझ्या घोवाचो. पाट माझ्या सासऱ्याचो." ओटीवर बसल्या, दम खाल्ला. "दोन वर्सां वळण इला म्हणता माझो झील. येऊ दी. गणपती माझ्याकडे बघता काय नाय, तां मी बघतंय. कोणाच्या हातसून बघता तां कित्याक इचारू?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी. मी पाट घेतला. आनंदीबाईंनी मात्र आईचा हात हातात घेतला होता. एकेक बोट उलगडून बघत होत्या. "लय वाकली गो, सावित्री, तुझी बोटां." आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, म्हाताऱ्या बायकांचं सांधेदुखीचं चाललंय.

संध्याकाळपर्यंत अकरा पाट. त्रेचाळीसपैकी अकरा.

बाबा म्हणाले, "अकरा तर अकरा." आणि मग पडद्याच्या खिळ्याकडे बघत, "पण आखणी कशी करूची तां आता ठरवूक होया." आई आणि ते उशिरापर्यंत न्हाणीघराच्या मागे बोलत होते. मी गेले की गप्प.

२४ ऑगस्ट, रविवार

आज आखणी. पडदा बांधलाच नाही. बाबांनी खिळाच उपटला. अकरा घरांतली माणसं ओटीवर. आनंदीबाईंना घेऊन आलेले हरिश्चंद्रकाकाही, खांबाला टेकून.

त्यांचा गणपती पहिला. मी कुंचला बुडवला तर आई पुढे आली. "हेचे माका काढूक दी." कुंचला तिच्या बोटांत राहीना. बाबांनी दोरा आणला आणि सगळ्यांच्या देखत तो तिच्या बोटांना बांधून दिला. आईने श्वास धरला. एकेक रेघ. कोपऱ्यात वळण नाही. लहानपणापासून मी बघत आले तेच डोळे!

बाबा हरिश्चंद्रकाकांकडे वळले. "माझी नजर बरी आसा. आखणी मी कधीच करूक नाय. तीस वर्सां हीच करी."

समई मी धरली होती.